दुसरी किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरातल्या गाडीची दुसरी किल्ली आत्ता कुठे आहे? न शोधता, कुणाला फोन न करता सांगता येईल?

गेले काही महिने मी हा प्रश्न भेटेल तिला विचारते आहे. भिशीत, सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये, अगदी हळदीकुंकवाच्या रांगेतसुद्धा! उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "असेल की कपाटात कुठेतरी." "यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते बहुतेक." "सासऱ्यांकडे आहे, ते नीट ठेवतात." एक तर म्हणाली, "अगं, दोन असतात का? आम्हाला सेकंडहँड गाडीबरोबर एकच मिळाली." गंमत म्हणजे असं सांगणाऱ्या बहुतेक जणी रोज गाडी चालवणाऱ्या आहेत. मुलांना क्लासला सोडणाऱ्या, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणाऱ्या, चाळीस चाळीस किलोमीटरवर नोकरीला जाणाऱ्या. गाडी त्यांच्या हातात आहे, पण गाडीची दुसरी किल्ली आणि गाडीचे कागद मात्र दुसऱ्याच्या हातात!

"एवढं काय त्यात?" असं तुम्हाला वाटेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खरंच काही नव्हतं. पद्मिनी, अँबॅसिडर किंवा जुन्या मारुती ८०० ची किल्ली हरवली तर दुसरी घेऊन चौकातल्या किल्लीवाल्याकडे जायचं. तो छत्रीखाली बसलेला असायचा. तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांतली एक काढायचा, आपली किल्ली तिच्यावर ठेवायचा, कानशीने घासायचा आणि दहा मिनिटांत, भाजी घ्यायला लागतात त्याहून कमी पैशांत, नवी किल्ली हातात. हरवलेल्या किल्लीचं दुःख तेवढ्यापुरतंच.

आजची गाडीची किल्ली ही मुळी तशी किल्लीच राहिलेली नाही. दिसायला ती काळ्या प्लॅस्टिकची डबी, पण तिच्यात दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू नांदत असतात. पहिली म्हणजे धातूचं पातं. ते आजही यंत्रावर कापून मिळतं. दुसरी म्हणजे प्लॅस्टिकच्या डोक्यात दडलेली एक बारकी चिप. या चिपला बॅटरी लागत नाही. आपण किल्ली घातली की तिथे बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून लहरी निघतात, त्यांच्या जोरावर ती चिप जागी होते आणि गाडीच्या संगणकाला आपली ओळख सांगते. संगणक आपल्या वहीत बघतो. ओळख पटली तर इंजिन चालू. नाही पटली तर पातं कितीही तंतोतंत कापलेलं असो, इंजिन चालू राहणार नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांवर 'आयकॅट्स' असा शब्द वाचल्याचं कुणाला आठवत असेल, तो हाच प्रकार. तिसरी वस्तू म्हणजे रिमोटची बटणं. त्यांना मात्र बॅटरी लागते, आणि दर वेळी बटण दाबलं की ती वेगळा संकेत पाठवतात, म्हणजे एकदा कुणी तो हवेत पकडला तरी पुन्हा वापरता येऊ नये. आणि ज्यांची गाडी बटण दाबून सुरू होते त्यांच्या 'स्मार्ट की'त तर किल्ली पर्समधून काढायचीही गरज नाही. गाडी हाक मारते, किल्ली पर्समधूनच ओ देते.

म्हणजे डुप्लिकेट किल्ली करायची तर नुसतं घासून भागत नाही. नव्या चिपचं नाव गाडीच्या वहीत चढवावं लागतं. त्यासाठी स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात जो एक सॉकेट असतो त्याला यंत्र जोडावं लागतं, पुष्कळ मॉडेल्सना पिन कोडही लागतो. याला म्हणायचं 'की प्रोग्रॅमिंग'. मग खर्चाचं काय? साध्या गाडीची चिपवाली किल्लीसुद्धा हजारांत जाते. स्मार्ट की असेल तर आकडा आणखी वर. आणि दोन्ही किल्ल्या हरवल्या असतील, म्हणजे गाडीला ओळखणारं कुणीच उरलं नसेल, तर काही मॉडेल्समध्ये कुलपांचा सगळा संच किंवा आतलं इलेक्ट्रॉनिक युनिटच बदलायची वेळ येते. शिवाय गाडी जागची हलत नाही, ती टोचन करून न्यावी लागते, ते वेगळंच.

इथेच दुसऱ्या किल्लीची किंमत कळते. एक किल्ली हातात असताना दुसरी करणं हे घरगुती काम. एकही नसताना करणं म्हणजे संकट.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते. तिचा नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नाही. गाडी त्याच्या नावावर, पण सहा वर्षं चालवते हीच. भाचीच्या लग्नासाठी ती मुलांना घेऊन कऱ्हाडला गेली आणि कार्यालयाच्या गडबडीत किल्ली हरवली. ताटं, पातेली, रुखवत, सगळं उलथंपालथं केलं. किल्ली नाही ती नाहीच. दुसरी किल्ली? ती नवऱ्याच्या सामानात गेलेली, म्हणजे समुद्रावर! गाडी टोचन करून पुण्याला आणली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, गाडी सरांच्या नावावर आहे. सरांना घेऊन या." ही म्हणाली, सर सिंगापूरच्या पुढे आहेत. "मग त्यांची सही असलेलं अधिकारपत्र, ओळखपत्राची प्रत, आरसी, किल्ली हरवल्याच्या तक्रारीची प्रत..." आरसीची प्रत गाडीच्या कप्प्यात, आणि गाडी बंद. इंटरनेट मिळेल तेव्हा नवऱ्याने मेल पाठवायचा, मग पुढचं. त्यात किल्ली कंपनीकडून मागवायला लागणारे दिवस. जवळजवळ तीन आठवडे ही बाई रिक्षाने फिरली, आणि वर पाच आकडी बिल भरलं.

ती चिडून म्हणाली, "सहा वर्षं पेट्रोल मी घालते, सर्व्हिसिंग मी करते, हप्त्यातला निम्मा वाटा माझा. आणि किल्ली मागायची वेळ आली तर मी कुणीच नाही?"

तिचा राग मला समजतो. पण खरं सांगू? त्या मुलाचं चुकलं नव्हतं. उद्या कुणीही येऊन "ही गाडी माझ्या वहिनींची आहे, किल्ली करून द्या" म्हणालं तर आपल्याला चालेल का? किल्ली करून देणाऱ्याने कागद मागितलेच पाहिजेत. चौकातला कारागीरसुद्धा जो आधी आरसी आणि ओळखपत्र बघायला मागतो तो भला माणूस समजावा, आणि जो काही न विचारता मशीन काढतो त्याच्याकडून काम करून घेऊ नये. कागद मागणं ही काही खोट नव्हे. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या बाईचं नाव त्या कागदांच्या आसपासही नसतं, ही खरी खोट. आणि ती सर्व्हिस सेंटरमध्ये नाही, आपल्या घरात आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जी गाडी चालवते तिच्या ताब्यात एक पूर्ण चालू किल्ली हवी. आणि ती किल्ली गेली तर नवी मिळवायला जे कागद लागतात त्यांच्यावर तिचा हात पोचायला हवा. एक वेळ सोन्याची पाटली लॉकरमध्ये ठेवणं समजू शकते. गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्यात काय शहाणपण आहे?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आमचे हे बघतात ते सगळं." बघतात ना, चांगलंच आहे. पण 'हे' सतत बघायला असतीलच असं नाही. परगावी असतील, आजारी असतील. आणि बोलू नये, पण बोलायला हवं, कधी ते नसतीलही.

माझ्या एका मावशींच्या बाबतीत तेच झालं. काका अचानक गेले. गाडी दारात, मावशींना चालवता येते, लायसन्स आहे. पण दिवसकार्य, माणसांची ये-जा, सह्या आणि सर्टिफिकेटं यांच्या रगाड्यात किल्ली कुठे गेली कुणालाच कळलं नाही. दुसरी आधीच कधीतरी हरवलेली होती, हे तेव्हा कळलं. गाडी काकांच्या नावावर. मालक हयात नाही, मग नवी किल्ली कुणाच्या सहीने मागायची? आधी वारसाचे कागद, मग आरटीओ, मग किल्ली. आठ महिने ती गाडी कव्हर घालून उभी होती. टायर बसले, बॅटरी उतरली. मावशींना त्या आठ महिन्यांत बँकेत जायचं तरी भाच्याला फोन करावा लागायचा. नवरा गेल्याचं दुःख कमी होतं की काय म्हणून आपल्याच अंगणातल्या गाडीला हात लावता येत नाही, हे दुःख.

अशा वेळेसाठी काही तरतुदी आहेत, पण त्या आपल्याला ठाऊक नसतात. वाहनमालकाचा मृत्यू झाला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. दुसरं म्हणजे, २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि बँकेच्या खात्याला लावतो तसं गाडीच्या आरसीलाही नॉमिनीचं नाव लावायची सोय झाली. किती जणींच्या घरच्या गाडीला नॉमिनी लावलेला आहे? मी विचारलं त्यांच्यातल्या एकीलाही असं काही असतं हे माहीत नव्हतं. फिक्स्ड डिपॉझिटला नॉमिनी, फ्लॅटला नॉमिनी, आणि दहा-बारा लाखांच्या गाडीला? ती राहूनच जाते.

आता थोडं नाजूक बोलते. दुसरी किल्ली हरवलेली नसते, पण नको त्याच्या हातात असते, असंही होतं. संसार मोडतो, बाई वेगळी राहायला लागते, गाडी तिच्या नावावर असते आणि दुसरी किल्ली मात्र 'त्याच्या' खिशात. किंवा ड्रायव्हर काम सोडून जातो आणि किल्ली परत देतच नाही. किंवा सेकंडहँड गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने "एकच आहे" म्हणून एकच दिली. रात्री पार्किंगमध्ये एकट्या जाणाऱ्या बाईला या शंकेने काय होत असेल, ते बायकांनाच कळेल.

या नव्या किल्ल्यांचा इथे एक मोठा फायदा आहे, तो माहीत करून घ्या. जशी नवी किल्ली गाडीच्या वहीत चढवता येते, तशी जुनी त्या वहीतून खोडताही येते. आपल्या हातात असलेल्या किल्ल्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्यांना गाडीने विसरून जायचं. विसरलेल्या किल्लीने इंजिन चालू होत नाही, रिमोटही चालत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. पात्याला विसरायला लावता येत नाही! ते जुन्या कुलपात बसतंच, म्हणजे दार उघडू शकतं. तेवढीच भीती असेल तर दाराचं कुलूपही बदलून घ्यावं. कुणाची परवानगी लागत नाही, गाडी आपल्या नावावर असली की झालं. सेकंडहँड गाडी घेतल्यावर तर पूजा करण्याआधी हे काम करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

"या चिपांचं एवढं कौतुक कशाला? जुनी किल्ली काय वाईट होती?" असं माझ्या ओळखीच्या एक आजी म्हणाल्या. वाईट नव्हती आजी, पण चोरालाही ती तितकीच सोपी होती. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. त्याचा पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा १९९५ ते २००८ या काळात त्यामुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचा अंदाज निघाला. उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे किआ आणि ह्युंदाईच्या लाखो गाड्या या चिपेशिवाय विकल्या गेल्या होत्या. २०२१-२२ च्या सुमारास मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पोरंटोरं यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या चालू करून पळवायला लागली. तेव्हा चिप हवीच. माझी तक्रार चिपेबद्दल नाही.

माझी तक्रार आहे ती गाडी विकताना याबद्दल पाळल्या जाणाऱ्या मौनाबद्दल. शोरूममध्ये सनरूफ किती उघडतं ते आपल्याला तीन वेळा दाखवतात. सीटकव्हरचे रंग, दिव्यांचे प्रकार, गाणी कशी वाजतात, सगळं दाखवतात. पण "ताई, ही किल्ली हरवली तर दुसरी एवढ्याला पडेल, एवढे दिवस लागतील आणि हे हे कागद लागतील" असं कुणी सांगितलंय तुम्हाला? मायलेज छापतात तशी किल्लीची किंमतही लिहून द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते ती बंधनकारकच हवी. आणि दोन किल्ल्या दिल्या, दोन्ही चालू करून दाखवल्या, अशी ग्राहकाची सहीसुद्धा घ्यावी.

दुसरी तक्रार म्हणजे, किल्ली प्रोग्रॅम करायची विद्या आणि यंत्रं कंपन्यांनी स्वतःपाशी ठेवली की आपल्याला निवडच उरत नाही. ही तक्रार माझ्या एकटीची नाही. सुटे भाग आणि गाडीतले दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहज मिळू देत नाहीत, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या, तो भाग वेगळा. पण ग्राहकाला दुरुस्ती कुठे करायची ते ठरवता आलं पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात होतं. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण विषय सरकारदरबारी पोचला आहे. आपण विचारत राहिलो तर पुढे सरकेल. किल्लीच्या बिलात काही गैर वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायलाही विसरू नका.

आणि चौकातला तो किल्लीवाला? तो संपला असं समजू नका. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांनी लॅपटॉप आणि प्रोग्रॅमिंगची यंत्रं घेतली आहेत, दुकानावर 'रिमोट की मेकर' अशी पाटी आली आहे. पुष्कळ गाड्यांच्या किल्ल्या ते कंपनीपेक्षा स्वस्तात आणि त्याच दिवशी करून देतात. त्यांच्याकडे जायला माझी ना नाही. पण पत्ता माहितीतला हवा, बिल हवं आणि काम आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. गाडी अजून वॉरंटीत असेल तर मात्र आधी कंपनीला विचारलेलं बरं.

आता करायचं काय, ते सांगते. पहिलं म्हणजे घरातल्या दोन्ही किल्ल्या टेबलावर आणा. दोन्हींनी दार उघडून आणि इंजिन चालू करून बघा. कपाटात दोन-तीन वर्षं पडलेल्या किल्लीची बॅटरी उतरलेली असण्याचीच शक्यता जास्त. बऱ्याच किल्ल्यांत ती सीआर २०३२ नावाची, नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. घड्याळाच्या दुकानात मिळते, फार महाग नसते. ती घरी बदलता येते, त्यासाठी प्रोग्रॅमिंग सहसा लागत नाही. तेव्हा रिमोट चालेना म्हणून कुणी लगेच हजारोंची किल्ली सुचवली तर आधी बॅटरी बदलून बघा!

दुसरं म्हणजे, स्मार्ट की असेल तर तिच्या पोटात एक छोटं धातूचं पातं लपवलेलं असतं. बाजूची खिटी सरकवली की ते बाहेर येतं. किल्लीची बॅटरी मेली तरी त्याने ड्रायव्हरचं दार उघडतं. काही गाड्यांत दाराच्या कुलपाचं भोक मुठीजवळच्या झाकणाखाली असतं, ते शोधून ठेवा. आणि मग बऱ्याच गाड्यांत किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की चिपेची ओळख पटते आणि इंजिन चालू होतं. कसं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. भर पावसात, रात्री नऊ वाजता, घाटातल्या हॉटेलच्या बाहेर हे पहिल्यांदा वाचायची वेळ येऊ देऊ नका.

तिसरं म्हणजे, नव्या गाडीच्या जुडग्याला बहुतेक वेळा एक छोटा बिल्ला असतो, त्यावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. पुष्कळ जण तो किल्लीलाच अडकवून फिरतात. त्याचा काय उपयोग? किल्ली हरवली की तोही हरवला, आणि ज्याला सापडला त्याला नंबरही मिळाला. तो काढून आरसीच्या प्रतीबरोबर घरात जपून ठेवा. पातं नव्याने कापायला तो नंबर फार कामाचा असतो.

चौथं म्हणजे, एकच किल्ली उरली असेल तर दुसरी आत्ता करा, पुढच्या दिवाळीला नको. प्रोग्रॅमिंगला जाताना घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या बरोबर न्या. काही गाड्यांत नवी चढवताना वही कोरी होते आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा लिहिल्या जातात. घरी राहिलेली मग परकी ठरते.

पाचवं म्हणजे विमा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दाव्याबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एकच दाखवली की शंभर प्रश्न. त्यामुळे किल्ली हरवली तर 'जाऊ दे' म्हणून सोडू नका, पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा. शिवाय बऱ्याच कंपन्या किल्ली बदलण्याच्या खर्चाचं जादा संरक्षणही देतात. मूळ विम्यावर थोडी रक्कम भरून ते मिळतं. पॉलिसीचं नूतनीकरण करताना एकदा विचारा तरी.

आणि सहावं, सगळ्यांत महत्त्वाचं. गाडी ज्यांच्या नावावर असेल त्यांच्याशी एकदा शांतपणे बसून बोला. भांडायला नको. आरसीची प्रत तुमच्याकडे, अधिकारपत्र सही करून फाइलला, नॉमिनीचं नाव लावलेलं, आणि एक किल्ली तुमच्या ताब्यात. जमलं तर पुढची गाडी तुमच्या नावावर. हप्ता भरणाऱ्या बाईने एवढं म्हणायला लाजायचं कारण नाही. यात अविश्वास नाही. उलट ज्या घरात एकमेकांवर विश्वास आहे तिथे हे काम अर्ध्या तासात होतं. जिथे ते होत नाही, टाळाटाळ होते, तिथे प्रश्न किल्लीपुरता नाही, हेही तेवढ्यात कळून जातं.

बाईला गाडी चालवता येणं ही गेल्या दोन-तीन दशकांतली मोठी गोष्ट आहे. तिने आपल्याला अंतरं दिली, वेळ दिला, रात्री उशिरा एकटीने घरी यायची हिंमत दिली. पण ज्या चाकांवर हे सगळं चालतं, ती चाकं एका प्लॅस्टिकच्या डबीवाचून हलत नाहीत, आणि ती डबी पुन्हा मिळवायला कुणाची तरी सही लागते. चालवायला शिकलो, आता एवढंही शिकून घेऊ या.

नवी गाडी घेताना शोरूमवाले हल्ली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली सगळ्या कुटुंबाच्या हातात देऊन फोटो काढतात. पेढे असतात, हार असतो, आपण नवी साडी नेसून उभ्या असतो. फोटो जरूर काढा. पण तो काढून झाल्यावर त्या मुलाला सांगा, "दादा, आता खऱ्या दोन्ही किल्ल्या आण. आणि एक माझ्याकडे दे."